दुखणं हजेरी बघून येत नाही

परवा पुणतांब्यात, स्टेशनबाहेर चहा पिताना काका म्हणाले, "त्या पोराला आदिवासी म्हणून शिष्यवृत्ती मिळते ना? मग आजाराची वेगळी कशाला? डबल फायदा!" काका, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच भांडतो.

'तो पोरगा' नंदुरबारकडून आमच्या भागात शिकायला आलाय. त्याला सिकलसेल आहे. (नुसता वाहक नव्हे. आई-वडील दोघांकडून दोष आला की हा आजार होतो.) थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. गेल्या हिवाळ्यात त्याचे बरेच दिवस अंथरुणात गेले. 75 टक्के हजेरी भरेना. दवाखान्याचे कागद दाखवले, तर "असे कागद सगळेच आणतात" हे ऐकून घ्यावं लागलं.

यात फायदा कुठला, काका?

आदिवासी शिष्यवृत्ती जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळते. बुडालेल्या दिवसांचा तिच्यात हिशेब नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, चांगलं झालं. पण केंद्राची दिव्यांग शिष्यवृत्ती आणि उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागा यांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. आज धडधाकट, उद्या सलाईनवर... टक्के कुठल्या दिवशी मोजायचे? आणि शिकून पुढे काय? सरकारी नोकरीतल्या 4 टक्के दिव्यांग आरक्षणाच्या यादीत सिकलसेल नाहीच!

1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. तपासणी हवीच. पण ज्यांना आजार आहेच, ती पोरं तोवर शिकणार कशी?

गंमत बघा. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद छापली. तो रुग्ण कोण होता? ग्रेनाडाहून आलेला, दातांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी, वॉल्टर क्लेमेंट नोएल. वारंवार आजारी पडूनही तो शिकला, मायदेशी जाऊन दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. म्हणजे या आजाराच्या नोंदीत पहिलं नावच एका विद्यार्थ्याचं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना वेगळी शिष्यवृत्ती द्या. ती गुणांवर, हजेरीवर अडवू नका. आजारपणात वर्ष गेलं तर बंद करू नका, उलट त्या वर्षाचाही खर्च द्या.

काका, जून 2017 मध्ये आपल्या गावातून शेतकरी संप उभा राहिला, तेव्हा तुम्ही पुढे होता. गारपिटीत पीक गेलं की आपण भरपाई मागतो. तिला 'डबल फायदा' म्हणतो का? त्या पोराचं वर्ष थंडीनं नेलं. त्याचा पंचनामा कोण करणार?

असो. पुढचा चहा माझ्याकडून.