येऊ द्या... येऊ द्या... बस्स!

"ताई, डॅशबोर्डवर जागाच नाही. देवाला हलवावं लागंल."

बीडमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिस्त्रीने हे जाहीर केलं आणि मी हळूच अण्णांकडे बघितलं. अण्णांनी नजर फिरवली. काचेमागे बरोब्बर मधोमध परळीचे वैजनाथ, त्यांच्या शेजारी अंबाजोगाईची योगेश्वरी, दोघांच्या पुढे उदबत्तीचं घर. आणि माझ्या हातात सात इंची स्क्रीनचा खोका. जीपीएस प्लस रिव्हर्स कॅमेरा, टू इन वन! आता बोला!

थांबा, आधी थोडा फ्लॅशबॅक. माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर लोकांना पंढरपूर, तुळजापूर, परळी करवली, पण आईला घेऊन सलग चार दिवस कुठे गेले असतील तर शपथ. रिटायर झाल्यावर दादाने एक सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीट काढून दोन बर्थ, एक शेगडी, पाण्याची टाकी, वर कॅरियर. आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद, सगळं रीतसर. (ही पायरी गाळू नका. गाडीत मनाला येईल तसे बदल केलेले कायद्याला चालत नाहीत.) नंबर अर्थातच एमएच २३. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी तिला 'मोटरहोम' म्हणतात आणि पुढे 'सो कूल' जोडतात. आई म्हणते 'घरगाडी'. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा प्रकार एकदम 'इन' आहे. आमच्या घरात मात्र तो आईच्या गुडघ्यांमुळे आला. तिला लॉजचे जिने चढवत नाहीत.

आता खरा प्रॉब्लेम. अण्णांची मान. इतकी वर्षं स्टिअरिंग धरल्याची बक्षिसी म्हणा, पण ती मागे वळत नाही. पुढे जाताना अण्णा आजही राजा माणूस. रिव्हर्सला मात्र सगळा कारभार आरशांच्या भरवशावर. आणि आमच्या घरगाडीला मागे बर्थ, त्यावर पडदा. म्हणजे आतल्या आरशात फक्त पडद्यावरची फुलं दिसतात.

"कॅमेरा बसवू," मी म्हटलं.

"कशाला पायजे? मागचं बघायला कंडक्टर असतो."

"अण्णा, तुम्ही रिटायर झालात. कंडक्टर कुठाय आता?"

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नव्हता.

असो. तर तुमच्यापैकी कुणी असली गाडी घेत असेल, किंवा घरच्या जुन्या गाडीला हे खेळणं लावत असेल, तर मी शिकलेले धडे फुकटात घ्या. धडा पहिला : वायर मोजा! ऑनलाइन किट मागवलं, त्यात सहा मीटरची वायर आली. कारला ती पुरते. आमच्या गाडीत ती छतातून वळसा घेत मागच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच संपली. मिस्त्री हसला आणि त्याने दहा मीटरची काढली. धडा दुसरा : बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची, ते आधी विचारा. बहुतेक मोठ्या बस-ट्रकना २४ असते, आणि १२ चा नाजूक स्क्रीन तिथे लावला तर धूर निघतो. धडा तिसरा : कॅमेऱ्याची तार रिव्हर्स लाइटच्या तारेला जोडतात, म्हणजे गिअर मागे पडला की स्क्रीन आपोआप पेटतो. मध्ये फ्यूज हवाच. आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच हवं, नाहीतर धक्के खाऊन खाऊन पत्राच वायर कापतो.

धडा चौथा सगळ्यात भारी. सगळं जोडून झालं, अण्णांनी गाडी मागे घेतली आणि उजवीकडचा खांब स्क्रीनवर डावीकडे! अण्णांनी स्टिअरिंग उलटं मारलं. मिस्त्रीचा पोरगा जिवाच्या आकांताने बोंबलला. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवून दाखवावं लागतं, म्हणजे आपली उजवी ती उजवीच राहते. सेटिंगमध्ये 'मिरर'चा पर्याय असतो, तो चालू करून आधी मोकळ्या मैदानात बघून घ्या. आणि कॅमेरा वर बसवून खाली कलता ठेवा. स्क्रीनच्या तळाला स्वतःचा बंपर दिसलाच पाहिजे. नाहीतर दूरचं सगळं दिसतं आणि पायाशी काय आहे तेच दिसत नाही.

जीपीएसचा धडा सोपा : त्याला आकाश दिसायला हवं आणि ड्रायव्हरला रस्ता. दोघांच्या मध्ये यायचं नाही. शेवटी वैजनाथ चार बोटं डावीकडे सरकले, योगेश्वरी उजवीकडे, आणि मधल्या जागेत उपग्रहवाला बसला. आईने त्यालाही हळद-कुंकू लावलं.

निघालो. डिसेंबरची मस्त थंडी, परळीचं दर्शन, मग तेलगावमार्गे धारूरचा किल्ला असा प्लॅन. जीपीएसची बाई माजलगावला 'माजालगाओन' म्हणायची आणि अण्णा तिला उत्तर द्यायचे, "माहीत हाय गं बाई." पण एक सांगते, बालाघाटच्या डोंगरात माझ्या मोबाइलची रेंज गेली तेव्हा ती बाई शांतपणे बोलत होती. नकाशा तिच्या पोटात भरलेला आणि जागा सांगायला थेट उपग्रह, मग रेंज हवी कशाला? २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेला घोळ बंद केला, तेव्हापासून हे तंत्र आपल्यासारख्यांच्या रोजच्या कामाचं झालं. आता आपल्या इस्रोचे 'नाविक'चे उपग्रहही आहेत.

तिला कळत नाही ते एकच : आपण किती मोठे आहोत. धारूरचा घाट म्हणजे अरुंद रस्ता आणि अंगावर येणारी वळणं. स्क्रीनवर मात्र ती एक नाजूक निळी रेघ होती. कारसाठीचा जीपीएस तुम्हाला कारच समजतो. कॅरियर धरून आमची गाडी नऊ फूट उंच. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यावर उंचीची कमान असते, ती याला दिसत नाही. बीडला अहिल्यानगरहून रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि पुढे परळीपर्यंतचं काम चालू आहे. म्हणजे अशा कमानी आता आमच्याकडेही भेटणार. तेव्हा गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. आम्ही चिकटवलीय.

पण मला सांगायचंय ते हे नाही.

घाटात शिरायच्या आधी, तेलगावच्या पुढे आम्ही चहाला थांबलो होतो. गाळपाचा हंगाम, त्यामुळे रस्त्याकडेला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. चहा झाला. आई बर्थवर आडवी, मी अण्णांशेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून. उतरून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कॅमेरा आहे ना! अण्णांनी रिव्हर्स टाकला आणि सवयीने उजव्या आरशात बघत गाडी सोडली. मी सहज मान वर केली. स्क्रीनच्या अगदी तळाला, बंपरला खेटून काहीतरी लाल हललं.

"थांबाऽऽ!"

अण्णांचा पाय ब्रेकवर. चहाचा ग्लास खळ्ळकन फुटला. मी धावत मागे गेले. दोन-अडीच वर्षांची पोरगी, लाल झबलं, उकिडवी बसून पडलेलं उसाचं कांडं चोखत होती. तिने माझ्याकडे बघून कांडं पुढे केलं. घे म्हणून.

तिची आई ट्रॅक्टरपाशी तीन दगडांची चूल पेटवत होती. ती पळत आली, लेकरू उचललं, पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरलं. दोघींपैकी कोण जास्त थरथरत होतं, तिला विचारायला नको. मीच.

घरी आल्यावर मी शोधत बसले. अमेरिकेत २००२ साली कॅमेरॉन गुलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच गेला. गाडी त्याचे वडीलच मागे घेत होते. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागे अडथळा आला की वाजणारा सेन्सर सक्तीचा आहे. जुन्या गाड्यांचं ज्याचं त्याने बघायचं.

आणि ती ट्रॅक्टरांची रांग? मोटरहोम ही पुण्या-मुंबईची नवी फॅशन आहे असं मला वाटायचं. बीड जिल्ह्यात दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो घरं चाकांवर चढतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, ट्रॉलीत भांडी, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या आणि लेकरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परत येणं उन्हाळ्याच्या तोंडाला. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर धड रिव्हर्सही घेता येत नाही. त्याला कॅमेरा कुठला? हंगाम सुरू झाला की रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. अंधारात एखादी ट्रॉली त्यातून सुटलेली दिसतेच. आमच्या घरगाडीत झोपलेली आई आणि त्या ट्रॉलीतली आई, दोघींचा रस्ता एकच होता.

त्या रात्री धारूरला अण्णा जेवले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कॅमेऱ्याला दिसलं गं. पण त्याला ओरडता येत न्हाई. वरडलीस तू."

पुढच्या आठवड्यात मी बीडला जाऊन मागे सेन्सरही बसवला. बीप-बीप करणारा. म्हटलं, आता तर ओरडेल! अण्णांनी दोन दिवस वापरला आणि निकाल दिला : "ह्यो भिंतीलाबी वाजतो, झुडपालाबी अन् लेकरालाबी. सारखाच."

त्यामुळे आमच्या घरगाडीचा सध्याचा नियम असा : जीपीएस, कॅमेरा, सेन्सर, तिन्ही चालू. आणि तरीही रिव्हर्स टाकण्याआधी एकाने खाली उतरायचंच. मास कॉमची डिग्री, सात वर्षांची पत्रकारिता आणि आता ही पोस्ट. थंडी असो, ऊन असो, मी मागे उभी राहते, पत्र्यावर थाप मारते आणि गळा काढून ओरडते, "येऊ द्या... येऊ द्या... बस्स!"

अण्णांना कंडक्टर मिळालाय.