दोन्ही औषधं एकाच पिशवीत

‘मॅडम, तुम्ही नक्की कशाच्या डॉक्टर?’ तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून बावीस वर्षं झाली, तरी हा प्रश्न येतोच. मी बीएएमएस. टेबलाच्या एका बाजूला चूर्णांच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला बीपीचं यंत्र. आपल्या राज्यात आम्हाला मर्यादेत अ‍ॅलोपॅथीची औषधं द्यायची कायद्याने मुभा आहे, एवढं सांगून मी मोकळी होते.

तीन वर्षांपूर्वी एक काकू आल्या, पित्ताने हैराण. मी ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं. आम्लपित्तावरचं आमचं नेहमीचंच औषध. पंधरा दिवसांत आराम पडला. काकू खूश! मग तेच चूर्ण दुकानातून आणून चार महिने सकाळ-संध्याकाळ घेत राहिल्या. पायांवर सूज आली, डोकं जड व्हायला लागलं. शहरातले डॉक्टर बीपीच्या गोळ्या वाढवतायत, पण बीपी काही उतरेना. त्यांना चूर्णाचा पत्ता नाही, मला गोळ्यांचा नाही.

ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. हे मी शिकले होते हो! पण त्या दिवशी बीपी मोजलं नव्हतं, दुसरी औषधं विचारली नव्हती. गर्दी होती, हे काय कारण झालं?

चूर्ण बंद केल्यावर बीपी हळूहळू खाली आलं. म्हटलं, ‘काकू, गोळ्यांचं सांगितलं का नाही?’

‘तुम्ही रागवाल वाटलं. आणि चूर्णाचं कळलं असतं तर ते डॉक्टर रागावले असते.’

खरंच होतं त्यांचं. आम्ही डॉक्टर एकमेकांच्या औषधांना नावं ठेवणार आणि मधल्यामध्ये बाई बिचारी लपवालपवी करणार. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हेही आमच्याच लोकांनी पसरवलेलं. मला स्वतःला थायरॉइड आहे. सकाळी अनशापोटी गोळी घेते, रात्री पाय दुखले की तिळाचं तेल चोळते. यात मला कुणाशी फितुरी केल्यासारखं वाटत नाही.

आता मी प्रत्येकीला सांगते, घरात जे जे घेता ते पिशवीत घालून आणा, रागावणार नाही. परवा एकीने पिशवी टेबलावर उपडी केली. शुगरच्या गोळ्या, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याच्या रसाची बाटली आणि शेजारणीच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, ‘तिला लागू पडल्या म्हणून’! अधूनमधून दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, हेही मग हळूच सांगितलं. अर्धा तास गेला तिच्यात. बाहेर बाकावरच्या बायका कुरकुरत होत्या.