पडद्यावरची दीक्षा

दीक्षा आणि निष्ठा हे दोन शब्द आमच्या भाषेत हलक्या हाताने वापरण्याचे नव्हेत. दीक्षा गुरूने शिष्यास समोर बसवून द्यावयाची, आणि निष्ठा जन्मभर आचरून सिद्ध करावयाची, असा या शब्दांचा परंपरागत अर्थ आहे. आता या दोन्ही गोष्टी मोबाईलच्या पडद्यावर मिळू लागल्या आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, केंद्र सरकारने शिक्षणासाठी जे संगणकीय व्यासपीठ उघडले त्याचे नाव 'दीक्षा'. २१ ऑगस्ट २०१९ रोजी पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणारे सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापक यांच्या प्रशिक्षणाचा जो संकल्प सोडण्यात आला त्याचे नाव 'निष्ठा'. हे प्रशिक्षण प्रथम समोरासमोर व्हावयाचे होते. परंतु करोनाची साथ आली आणि ऑक्टोबर २०२० पासून निष्ठा दीक्षेवर चढली. साथ ओसरली, पडद्याची सवय मात्र ओसरली नाही.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. अपेक्षा योग्यच आहे. जो शिकणे थांबवितो त्याने शिकविणेही थांबवावे, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, हे ५० तास कशाने भरावयाचे? पडद्यासमोर बसून, की विचार करून? आज ज्या दिशेने वारा वाहत आहे ती पाहता हे तास पडद्यानेच भरले जातील, आणि भरलेल्या तासांनाच विकास असे नाव पडेल, अशी आम्हांस भीती वाटते. या भीतीची कारणे वाचकांपुढे मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, आमचे भांडण यंत्राशी नाही. छापखान्यासही एके काळी लोक भ्याले होते. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाही. पूर्वपक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. ते म्हणतात, लाखो शिक्षकांस एकत्र बोलावून शिकविण्यास मनुष्यबळ कोठून आणणार आणि द्रव्य कोठून? गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक पाच दिवस तालुक्याला गेला, तर शाळा अर्धी ओस पडते. शिवाय समोरासमोरच्या प्रशिक्षणांची जुनी कीर्ती तरी काय होती? वरून आलेले ज्ञान पायरीपायरीने खाली उतरताना शेवटच्या पायरीला त्यातले काय उरत असे? उलट पडद्यावर उत्तम व्याख्यान सर्वांस सारखेच मिळते, आणि तेही सवडीने. हा सर्व युक्तिवाद माहिती पोहोचविण्याच्या कामापुरता आम्ही मान्य करतो. पण शिक्षकाचा विकास म्हणजे माहितीचा पुरवठा, हे जे त्यात न बोलता गृहीत धरले आहे, तेच आम्हांस मान्य नाही.

एक लहानसे उदाहरण घेऊ. तिसरीतील एक मुलगा ५२ मधून ३७ वजा करतो आणि उत्तर लिहितो २५. हे उत्तर चुकले म्हणून त्यावर फुली मारणे सोपे आहे. 'हातचा घ्यावयास विसरला' असे म्हणून पुन्हा रीत सांगणेही सोपे आहे. परंतु तो मुलगा काहीही विसरलेला नाही. लहान अंक मोठ्या अंकातून वजा करावयाचा, असा एक नियम त्याने स्वतःच्या बुद्धीने बसविला आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. पाचातून तीन काढले. उत्तर आले २५. या मुलाला रीत दहा वेळा सांगितली तरी त्याचा नियम हलणार नाही. त्याच्या हाती दहा-दहा काड्यांच्या पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या देऊन, 'यातून सदतीस काढून दाखव', असे म्हणावे लागेल. सुट्या काड्या अपुऱ्या पडल्या म्हणजे मोळी सोडण्याची गरज त्याची त्यालाच कळेल. आता, चुकीमागील विचार ओळखण्याची ही दृष्टी शिक्षकास कोठून मिळते? चित्रफितीत ती एकदा सांगता येईल, नाही असे नाही. परंतु उद्या त्याच्या वर्गात जी चूक होणार आहे ती चित्रफितीस ठाऊक नाही. ती वही पुढे ठेवून, 'याने असे का केले असेल?' असा प्रश्न ज्यास विचारता येईल, आणि जो उलट आपल्या वर्गातील अनुभव सांगेल, असा सहव्यवसायी त्यास हवा आहे. पडदा बोलतो, पण तो त्याचे ऐकून घेत नाही.

आणि या पडद्यावरच्या शिक्षणाची परीक्षा कशी होते, हेही पाहण्याजोगे आहे. काही चित्रफिती पाहावयाच्या, काही मजकूर वाचावयाचा, शेवटी चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न सोडवावयाचे. ठरलेले गुण पडले की प्रमाणपत्र तयार. चित्रफीत चालू ठेवून मनुष्य दुसरे काम करू शकतो, आणि उत्तरे एका मोबाईलवरून दुसऱ्यावर क्षणात जातात, हे ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांस ठाऊक नसेल काय? महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर निवड वेतनश्रेणी मिळण्यास प्रशिक्षण आवश्यक असते. २०२२ साली तेही ऑनलाइनच झाले. पगाराची वाढ जेथे प्रमाणपत्रास बांधली गेली, तेथे प्रमाणपत्र मिळविणे हाच विकास होऊन बसला तर दोष एकट्या शिक्षकाच्या माथी कसा मारावा? जे मोजले जाते तेच केले जाते. किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला हे मोजले जाते. किती मुलांच्या चुका त्यामुळे नीट वाचल्या गेल्या हे कोणी विचारीत नाही.

यंत्राने शाळा बदलण्याचे हे स्वप्न आजचे नाही. चलच्चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच निरुपयोगी ठरतील, असे भाकीत एडिसनने १९१३ सालीच केले होते. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल दिला तेव्हा गणितात वा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र शाळेत आले, पण शिकविण्याची रीत जागची हलली नाही, तर याहून वेगळे काय व्हावे? आणि आमच्याकडे तर यंत्रही सर्वत्र आलेले नाही. शाळांविषयीच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातील केवळ ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. उरलेल्या शाळांतील गुरुजी आणि बाई स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पैशाने, विकास पावतात असे समजावयाचे!

याच्या उलट बाजूचे दाखलेही आमच्याच देशात आहेत, आणि त्यांतील एक तर यंत्राचाच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. त्यात प्राथमिक शाळांतील हजारो शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. परंतु शिक्षकाने एकट्याने पडद्याकडे पाहत बसावे, अशी ती योजना नव्हती. शिक्षक गटाने जमत, कार्यक्रम पाहत, आणि जोडीला छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती व चर्चा असे. पडदा तेथे चर्चेचे निमित्त होता; आज तो चर्चेची जागाच घेऊन बसला आहे.

दुसरा दाखला मध्य प्रदेशातील होशंगाबादचा. १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत, मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा उपक्रम आरंभिला. १९७८ साली तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. त्यात शिक्षकांना प्रयोग दाखविले जात नसत. शिक्षकच हाताने प्रयोग करीत, चुकत आणि वाद घालीत. त्यानंतर दर महिन्यास त्यांची बैठक भरे. वर्गात काय फसले, कोणता प्रश्न मुलांनी विचारला आणि त्याचे उत्तर आपणांस आले नाही, हे तेथे मोकळेपणे बोलले जाई. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची लाज वाटू नये, एवढे जरी प्रशिक्षणाने साधले तरी ते सफल झाले असे आम्ही समजतो. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला.

येथे आम्हांस आमच्याच प्रांतातील एका जुन्या मासिकाचे स्मरण होते. शिक्षकवर्गासाठी शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघणारे 'शालापत्रक' प्रथम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि १८६८ पासून विष्णुशास्त्र्यांनी चालविले. दूरच्या खेड्यातील पंतोजीच्या हाती विचार पोहोचविण्याचे त्या काळचे ते साधन. साधन सरकारी, पण आतला आवाज संपादकाचा स्वतःचा. म्हणूनच सरकारची मर्जी खप्पा झाली आणि १८७५ साली ते बंद पडले. शिक्षकाशी स्वतंत्र बुद्धीने बोलू पाहणारे साधन सत्तेस गैरसोयीचे होते, हा यातील धडा आहे. पडद्यावरील अभ्यासक्रमावर मात्र कोणाचीही मर्जी खप्पा होण्याचा संभव नाही. तेथे शिक्षकाने बोलावयाचे नसते, निवडावयाचे असते, आणि तेही दिलेल्या चारांतून. त्याची ही निरुपद्रवीपणाची शक्ती हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण नसेल ना?

यावर कोणी म्हणेल, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांस २०२० साली दहा लक्ष डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो तंत्रज्ञानामुळेच ना? पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडचे चौकोन त्यांच्याच नावाशी जोडले जातात ना? होय, आणि म्हणूनच हा दाखला आमच्या बाजूचा आहे. पुरस्काराच्या गौरवात त्या चौकोनांच्या जोडीला दुसरी गोष्ट सांगितली आहे: मुलांच्या घरची भाषा वेगळी म्हणून पुस्तके त्यांच्या भाषेत आणण्यात आली. आधी मुलांची अडचण, मग शिक्षकाचा विचार, मग यंत्र, असा हा क्रम आहे. तो उलटा करून, 'हे यंत्र. याचा कोठे तरी उपयोग करून दाखवा आणि त्याचे छायाचित्र पाठवा', असे सांगितले म्हणजे तंत्रस्नेही शिक्षक उत्पन्न होत नाही. तंत्राचा कारकून उत्पन्न होतो.

मग करावे काय? नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. महाराष्ट्रात काही शाळा मिळून एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख, आणि महिन्यातून एकदा त्या शाळांतील शिक्षकांची शिक्षण परिषद, अशी रचना आधीच अस्तित्वात आहे. केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या आणि परिषदेत परिपत्रके वाचावयाची, या दोन खोडी तेवढ्या सोडाव्यात. ५० तासांपैकी निम्मे तरी अशा बैठकींना द्यावेत. तेथे मुलांच्या वह्या आणाव्यात. एकाने पाठ घ्यावा, इतरांनी पाहावा व बोलावे. पडद्याचाही तेथे मानाने उपयोग करावा: चांगल्या पाठाची चित्रफीत दहा जणांनी मिळून पाहावी, ती मध्येच थांबवावी, तिच्याशी भांडावे. दोन केंद्रांतील शिक्षकांची गाठ पडद्यावरून घालून द्यावी. अशा रीतीने यंत्र माणसास माणसाशी जोडील, तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

शेवटी दोन शब्द पालकांस. शाळेच्या फाटकावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी पाहून आपण सुशिक्षित लोक भुलतो, आणि फळ्याच्या जागी पडदा आला की शिक्षण सुधारले असे समजतो. पुढच्या पालकसभेत पडदे किती, हे विचारू नये. येथील शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहतात काय, मुलांच्या चुकांवर एकत्र बसून बोलण्यास त्यांस आठवड्यातून एक तास तरी मोकळा मिळतो काय, आणि प्रशिक्षणात न पटलेली गोष्ट 'पटली नाही' असे म्हणण्याची त्यांस मुभा आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या शिक्षकास स्वतः प्रश्न विचारण्याची मुभा नाही, तो आपल्या मुलांस प्रश्न विचारावयास कसा शिकवील? २५ हे उत्तर लिहिणारा तो मुलगा आज कोणत्या ना कोणत्या वर्गात बसलेला आहे. त्याच्या शिक्षकाजवळ प्रमाणपत्रे किती आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आपण असे का केले, हे कोणी तरी विचारावे, एवढीच त्याची गरज आहे.