विश्लेषण : महापुरात बोट वेळेवर का पोहोचत नाही? चिपळूण आणि ब्रह्मनाळचे धडे काय?

पावसाळा आला की चिपळूणकरांची नजर वाशिष्ठीच्या पातळीवर खिळते. २०२१ च्या महापुरात हजारो नागरिक घरांच्या वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर अडकले होते. तेव्हा सर्वांत आधी उपयोगी पडल्या त्या जवळपास असलेल्या होड्या आणि पाण्याची सवय असलेले स्थानिक हात. समुद्र, खाडी आणि नावाडी यांची कमतरता नसलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात बोटींसाठी वाट का पाहावी लागते, याचा आढावा.

२२ जुलै २०२१ रोजी काय घडले?

२१ जुलैच्या रात्रीपासून सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात अतिवृष्टी सुरू होती. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी पहाटे चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठेत तळमजले बुडाले, एसटी आगारातील गाड्या पाण्याखाली गेल्या. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि त्या काळात ८ रुग्णांचा मृत्यू झाला. २६ जुलै २००५ च्या पुराच्या खुणा या पुराने मागे टाकल्या. कोयनेचे वीजनिर्मितीसाठी वापरलेले पाणी पोफळी, कोळकेवाडीमार्गे शेवटी वाशिष्ठीतच येते. त्यामुळे या पाण्याचा पुरात किती वाटा होता, यावरून पुढे मोठा वाद झाला.

भरतीचा हिशेब काय सांगतो?

वाशिष्ठी दाभोळ खाडीला मिळते आणि भरतीचा परिणाम थेट गोवळकोटपर्यंत जाणवतो. खाडीत होडी घालणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. २२ जुलैला सकाळी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. १३ ची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. खाडीच्या आतल्या टोकाला भरती त्याहून थोडी उशिरा पोहोचते. शिवाय दोनच दिवसांवर पौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पूर आणि खालून भरती अशा कात्रीत पाण्याला उतरायला वाट मिळत नाही. पावसाचा इशारा, धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ ही तीन माहिती एकत्र पाहिली, तर बोट कधी आणि कुठे लागेल याचा अंदाज काही तास आधी बांधता येतो.

बोटी पोहोचायला उशीर का होतो?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. कोकणात यायचे तर घाट उतरावा लागतो आणि ज्या पावसाने पूर येतो, तोच पाऊस घाटात दरडी पाडतो. २०२१ मध्ये महामार्गावरही पाणी होते. त्यामुळे बाहेरची पथके पोहोचेपर्यंतचे तास स्थानिकांनाच निभावावे लागले.

दुसरे कारण कोकणातलेच आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, इंजिने उतरवलेली असतात आणि अनेक खलाशी गावी गेलेले असतात. म्हणजे पुराचा धोका सर्वाधिक असतो, तेव्हा जिल्ह्यातील नौका आणि नावाडी दोन्ही विखुरलेले असतात. मोठे ट्रॉलर तर शहराच्या गल्लीत शिरूच शकत नाहीत. तिथे लागते ती उथळ पाण्यात चालणारी छोटी फायबर होडी किंवा रबरी बोट.

शहरात होडी चालवणे अवघड का?

खाडीत तळाचा अंदाज असतो, बुडालेल्या रस्त्यावर तो नसतो. पाण्याखाली मोटारी, कुंपणाच्या भिंती, फाटकांचे भाले आणि दुकानांचे पत्रे असतात. रबरी बोट त्यावर फाटते. इंजिनाच्या पंख्यात कपडे, दोऱ्या, फांद्या अडकतात आणि बोट प्रवाहाच्या हवाली होते. चौकात दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांना छेदतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणूनच अनुभवी नावाडी शक्यतो खालच्या अंगाने, प्रवाहाला तोंड देत इमारतीजवळ जातो. लोकांना एकेक करून घेतो आणि आधी खाली बसवतो. हे कसब बोट विकत घेतल्याबरोबर येत नाही.

बोटच जीवघेणी कधी ठरते?

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी ग्रामपंचायतीची बोट कृष्णेच्या पुरात उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पाणी वाढत असताना ‘आणखी एकाला घ्या’ हा आग्रह मोडणे कोणालाही जड जाते. पण होडीचा काठ आणि पाणी यांतील अंतर वीतभर उरले, तर एका बाजूला चार माणसे सरकली तरी पाणी आत येते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटचा मुद्दा पुन्हा चर्चेत आला. बचावाच्या बोटीत तर जॅकेट नावाड्यालाही हवे आणि वाचवलेल्यालाही.

केरळने काय केले?

२०१८ च्या महापुरात केरळचे मच्छीमार आपल्या फायबर बोटी ट्रकवर चढवून किनाऱ्यापासून दूर, बुडालेल्या गावांत घेऊन गेले. तेथील सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ४,५०० मच्छीमारांनी ६६९ बोटींतून जवळपास ६५ हजार लोकांची सुटका केली. सरकारने बोटीमागे दिवसाला ३ हजार रुपये आणि इंधन देण्याचे, तसेच बोटींची दुरुस्ती करून देण्याचे जाहीर केले. यातून मिळणारा धडा साधा आहे. बोट, ती वाहून नेणारा ट्रक आणि रस्ता दाखवणारा स्थानिक माणूस अशी तिन्ही एकत्र लागतात.

पूर ओसरल्यावर होडीवाल्यांचे काय?

२०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कुटुंबांना १० हजार, तर दुकानदारांना नुकसानीच्या प्रमाणात कमाल ५० हजार रुपयांची मदत ठरली. मच्छीमारांसाठी केंद्राच्या २०२२ च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला १५ हजार रुपये आहेत. नव्या आउटबोर्ड इंजिनाची किंमत याच्या कित्येक पट असते. बचावकार्यात स्वतःची होडी घालणाऱ्याचा पंखा तुटला, तर खर्च कोणाचा, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

कायद्यात त्याचे उत्तर आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार जिल्हा प्राधिकरण बचावासाठी साधने आणि वाहने ताब्यात घेऊ शकते. कलम ६६ मध्ये त्याची भरपाई देण्याची तरतूद आहे. मात्र पाणी चढल्यावर धावून आलेल्या होडीची अशी नोंद कोण ठेवणार? करार, इंधन, विमा आणि दर हे मे महिन्यातच कागदावर आले, तर पुराच्या पहाटे नावाड्याला विचार करावा लागणार नाही.

तयारी कुठवर आली?

२०२१ नंतर पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी चिपळुणात आधीच आणून ठेवली जाऊ लागली. नागरिकांनी केलेल्या साखळी उपोषणानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतील गाळ उपसण्याच्या कामाला गती आली, त्यात नाम फाउंडेशननेही हातभार लावला. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्यात खाडीकाठचे होडीवाले आणि तांडेल प्राधान्याने घेतले, तर पोहणे, दोर टाकणे आणि प्रवाह ओळखणे या गोष्टी नव्याने शिकवाव्या लागणार नाहीत. शिकवायचे उरेल ते प्रथमोपचार, बिनतारी संपर्क आणि बोटीत किती माणसे घ्यायची याची शिस्त. बंदीच्या काळात निवडक छोट्या होड्या इंजिनासह सज्ज ठेवणे आणि प्रत्येक पूरप्रवण वॉर्डाला एक होडी, दोन नावाडी, ठरावीक जॅकेट नेमून देणे, हे त्यापुढचे पाऊल ठरेल.

नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

वेगाने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणीही माणसाला पाडू शकते आणि ६० सेंटीमीटर पाण्यात बहुतेक मोटारी तरंगू लागतात. त्यामुळे पाणी घोट्याशी असतानाच उंच जागी जावे. निघताना विजेचा मुख्य स्विच बंद करावा. औषधे, कागदपत्रे आणि चार्ज केलेला फोन एका पिशवीत ठेवावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ क्रमांक आहे. बोट आली तर सामान मागे ठेवावे, नावाडी सांगेल तेव्हाच आणि तिथेच पाय ठेवावा, आत उभे राहू नये. वृद्ध, रुग्ण आणि लहान मुले पहिल्या फेरीत जावीत. आणि नावाडी ‘आता पुरे, पुढच्या फेरीला’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. ब्रह्मनाळने त्या वाक्याचे मोल दाखवून दिले आहे.