राखणीची रायफल आणि नेमाची दुर्बीण

पेरणीइतकीच राखण हीही शेतीची बाब आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भुईमूग भरू लागला, मका कणसावर आला, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत जे करून जातो ते पाहून धीराच्या माणसाचाही हात कपाळास लागतो. विदर्भात त्यात रोह्यांची भर पडते. जागल, माळा, डबे वाजविणे, फटाके, कुंपण हे सारे उपाय करून थकलेले कित्येक शेतकरी रीतसर परवाना काढून बंदूक बाळगतात. आणि त्यांपैकी ज्यांच्याजवळ रायफल आहे त्यांच्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. तो असा की, रायफलीवर बसवावयाची नेमाची दुर्बीण परवडेल अशी, पण भरवशाची, कशी निवडावी? एखाद्या कारखान्याचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु नावे बदलतात, माल बदलतो, आणि एकाच नावाखाली बरावाईट दोन्ही माल विकला जातो. बैल घेताना दात व खूर पाहण्याची अक्कल जशी ज्याची त्यालाच असावी लागते, तशीच गोष्ट येथेही आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो: थोड्या शक्तीची, एकाच ठराविक शक्तीची साधी दुर्बीण घ्यावी, आणि वाचलेला पैसा ती ज्या बैठकीवर बसते त्या बैठकीवर खर्च करावा.

प्रथम, दुर्बिणीची गरज कोणास आहे ते पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे ठेवलेली आहे, आणि पुष्कळांजवळ तीच किंवा बारा बोअरची गुळगुळीत नळीची बंदूक असते. छऱ्यांच्या बंदुकीचा उपयोगच मुळी तीस-चाळीस मीटरांच्या आतला. तिच्यावर दुर्बीण चढविणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. अशांनी हा खर्च करूच नये. राहिले रायफलवाले. आपल्याकडे त्यांच्या हाती बहुधा .३१५ बोअरची, ली-एनफिल्ड धर्तीची देशी रायफल असते. तिची मूळची खाच व माशी मजबूत असून तरुण डोळ्यांस दिवसाउजेडी ती पुरेशी आहे. अडचण येते ती चाळिशी उलटल्यावर. मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे जनावर या तीन निरनिराळ्या अंतरांवरच्या वस्तू डोळ्यास एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. आणि वय वाढेल तशी जवळची खाच पुसट होत जाते. नेमाच्या दुर्बिणीत जनावर आणि काचेतील फुली ही दोन्ही एकाच पातळीवर दिसतात. वस्तू मोठी दिसते यापेक्षा हा तिचा खरा उपकार आहे. दुसरा उपकार कातरवेळेचा. त्याचा विचार पुढे केला आहे.

आता शक्तीविषयी. दुकानात गेलेला गिऱ्हाईक ‘बारापट दाखविणारी’ दुर्बीण पाहून भाळतो. त्याने इतकेच मनाशी विचारावे की, आपणांस गोळी किती अंतरावर टाकावयाची आहे? माळ्यावरून किंवा बांधाआडून रानडुकरावर होणारा नेम बहुधा शंभर मीटरांच्या आतला असतो. याहून लांबचा नेम पीक राखणाऱ्याने घेऊही नये. चौपट दुर्बिणीतून शंभर मीटरांवरचे जनावर पंचवीस मीटरांवर उभे असल्यासारखे दिसते. याहून अधिक काय पाहिजे? शिवाय शक्ती वाढली की दृष्टीचा आवाका आकसतो. चौपट दुर्बिणीत शंभर मीटरांवर सुमारे दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. बारापटीत तो तीन मीटरांच्या आसपास येतो. धावते डुक्कर त्यात सापडत नाही. आणि याहून वाईट म्हणजे, त्या डुकराच्या पलीकडे कोण उभे आहे हेही दिसत नाही. हाताचा कंपदेखील तितक्याच पटीने मोठा दिसून नेमकऱ्याचा जीव घाबरतो तो निराळाच.

उजेडाचा हिशेब तर तिसरीतल्या मुलासही करता येईल. पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरांत घ्यावा आणि त्यास शक्तीने भागावे. जो आकडा येईल तितक्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यास मिळतो. चौपट आणि ३२ मिलिमीटर काच, म्हणजे आठ मिलिमीटर. बारापट आणि ४० मिलिमीटर काच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरांच्या जवळपास. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, उतारवयात ती पाचाच्या आसपास राहते. म्हणजे साध्या चौपट दुर्बिणीने डोळा भरून उजेड मिळतो, आणि महागड्या दिसणाऱ्या बारापटीने कातरवेळी डोळा अर्धपोटी राहतो. डुकरे शेतात उतरतात ती नेमकी याच वेळी.

कोणी म्हणेल की, तीनपासून नऊपटीपर्यंत फिरविता येणारी दुर्बीण घेतली म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील. चांगल्या व महाग मालात हे खरे आहे. परंतु बेताच्या किमतीत जितके हलते भाग अधिक तितकी ढिलाई अधिक. शक्ती बदलताना नेमाचा ठिकाणाच थोडा सरकतो असा दोष अशा मालात आढळतो. तसेच बाजूस अंतर जुळविण्याची जी जादा चकती असते तिच्यासाठीही पैसे मोजू नयेत. ३२ मिलिमीटर काचेच्या व शंभर यार्डांवर जुळविलेल्या साध्या दुर्बिणीत, डोळा मध्यावरून हलल्यामुळे पन्नास मीटरांवर होणारी चूक अति झाली तरी एका सेंटिमीटरच्या आतच राहते. तेवढ्याने डुक्कर वाचत नाही.

स्वस्त आणि साधी दुर्बीण चांगली असू शकत नाही, हाही एक गैरसमज आहे. अमेरिकेत १९३० साली विल्यम वीव्हर याने सुमारे तिप्पट शक्तीची एक साधी दुर्बीण बैठकीसह १९ डॉलरांत विकावयास काढली. युरोपातील उंची माल ज्यांस परवडत नव्हता अशा सामान्य शिकाऱ्यांच्या हाती नेमाची दुर्बीण आली ती मुख्यतः अशा मालामुळे. तिच्यात चैनीचे काही नव्हते, पण कामाचे जे होते ते सर्व होते. आमच्या शेतकऱ्यानेही तीच कसोटी लावावी.

आमच्या प्रतिपादनाचा गाभा बैठकीत आहे. दुर्बीण दोन कड्यांत धरलेली असते आणि कड्या बैठकीवर आवळलेल्या असतात. या दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. त्यांपैकी एक कडी मिलिमीटरचा फक्त दहावा भाग, म्हणजे साधारण कागदाच्या एका पानाच्या जाडीइतकी, सरकली तर प्रमाण एकास हजार पडते. आणि शंभर मीटरांवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूस जाते. जनावर जागीच पडावयाचे ते जखमी होऊन उसात शिरते. आणि जखमी डुकराच्या मागे उसात शिरणाऱ्या माणसाचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नको. पाच हजारांची दुर्बीण आणि पाचशेची पत्र्याची बैठक हा हिशेब उलटा आहे. बैठक पोलादाची किंवा चांगल्या घडणीच्या ॲल्युमिनियमची, त्याच रायफलीच्या मापाची घ्यावी. ली-एनफिल्ड धर्तीच्या रायफलीच्या पाठीवर स्क्रूंची भोके आयती असतीलच असे नाही. ती पाडून घेण्याचे काम गावच्या लोहारशाळेत किंवा लेथवाल्याकडे मुळीच देऊ नये. बंदूक-दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराखेरीज इतरांकडून हे काम करून घेणे कायद्यास धरून नाही, आणि नळीच्या मागील भागास इजा झाली तर प्राणाशी गाठ आहे.

खरेदीपूर्वी करावयाच्या परीक्षा थोड्या आहेत व त्यांस काडतूस लागत नाही. दुर्बीण एखाद्या चिमट्यात घट्ट धरून दूरच्या भिंतीवरील खुणेवर फुली आणावी. मग जुळवणीचा खटका वीस घरे उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे आणि वीस खाली फिरवावा. फुली मूळ खुणेवर परत आली तर यंत्र प्रामाणिक. न आली तर दुकानदाराचे गोड बोलणे ऐकू नये. दुसरे, डोळा व काच यांत निदान तीन ते साडेतीन इंच अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसले पाहिजे; नाहीतर दणक्याबरोबर भुवई फुटते. तिसरे, हवाई बंदुकीसाठी केलेली हलकी दुर्बीण .३१५ च्या दणक्यास टिकेल असे गृहीत धरू नये. अशा रायफलीचा दणका ती सोसते असे कारखान्याने लेखी दिलेले असावे. चौथे, आत नायट्रोजन भरून ती बंद केलेली असावी, म्हणजे पावसाळ्यात आतून काच धुरकटत नाही. कोकणात व घाटमाथ्यावर काचेवर बुरशी धरते. यास्तव दुर्बीण चामड्याच्या पिशवीत कोंडून न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी.

दुर्बीण बसविली म्हणजे नेम जुळला असे नव्हे. अधिकृत चांदमारीच्या जागी, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, तीन गोळ्यांचा पुंजका पाहावा व मग खटके फिरवावेत. पुष्कळ दुर्बिणींत एका खटक्याने शंभर यार्डांवर सुमारे पाव इंचाचा फरक पडतो, पन्नास यार्डांवर त्याच्या निम्मा. पन्नास यार्डांवर गोळ्या दोन इंच डावीकडे लागत असतील तर सोळा खटके उजवीकडे, इतका हा सरळ हिशेब आहे. हंगामाच्या आरंभी आणि बंदूक कोठे आपटल्यास पुन्हा हीच परीक्षा घ्यावी. काडतुसे महाग आहेत ही गोष्ट खरी. पण न जुळविलेल्या बंदुकीची एक गोळी सर्व काडतुसांहून महाग पडते.

एक इशारा आम्हांस फार कळकळीने द्यावयाचा आहे. नेमाची दुर्बीण ही पाहण्याची दुर्बीण नव्हे. तिच्यातून ज्याकडे पाहावे त्याच्यावर नळी रोखलेली असते. पलीकडच्या शेतात हललेले ते डुक्कर आहे, की पाणी धरावयास उठलेला शेजारी आहे, हे रायफल रोखून ठरविणारा माणूस बंदूक बाळगण्यास लायक नाही. यासाठी गळ्यात अडकविण्याची साधी दुर्बीण निराळी असावी. आधी तिने पाहावे, ओळख पटवावी, पलीकडे काय आहे ते न्याहाळावे, आणि मगच बंदुकीस हात घालावा. दोन्हींस पैसे पुरत नसतील तर आमच्या मते ही गळ्यातली आधी घ्यावी.

कायद्याची बाबही विसरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व नीलगाय ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी होत असल्यास कलम ११ अन्वये वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हाती आल्याखेरीज गोळी झाडणे हा गुन्हा होय. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. अंधारात पाहण्याच्या विजेच्या उपकरणांविषयी तर परवाना देणाऱ्या कचेरीत लेखी विचारल्यावाचून एक पैसाही गुंतवू नये.

शेवटी संघाच्या शाखांस एक सूचना. मळणीयंत्र दहाजणांत एक चालते, तशी नेमाची दुर्बीण चालत नाही. एका बंदुकीवरून काढून दुसरीवर चढविली की जुळविलेला नेम गेलाच. परंतु स्क्रू ठराविक जोराने आवळण्याचे हत्यार, वाळूच्या पिशव्या आणि परवानाधारक कारागिराची एका दिवसाची मजुरी या गोष्टी सामाईक होऊ शकतात. प्रत्येक तालुक्याच्या शाखेने पोलीस व वनखात्यास कळवून, खरिपाच्या पिकांत दाणा भरण्यापूर्वी, अधिकृत चांदमारीच्या जागी वर्षातून एक दिवस सर्व राखणीच्या बंदुका तपासण्याची व्यवस्था केली, तर पिकाचे रक्षण होईल आणि माणसाचेही. कुंपण, सामुदायिक जागल आणि नुकसानभरपाईचे अर्ज हे उपाय पहिले, बंदूक शेवटची. पण जी शेवटची आहे ती तरी बिनचूक असली पाहिजे, आणि बिनचूकपणा मोठ्या काचेने येत नसून घट्ट बैठकीने व शांत हाताने येतो, हे आमच्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.