गूळच आहे, घ्या की!

आमच्या गडहिंग्लजात कुणाच्याही घरी जा, चहाबरोबर हे वाक्य ठरलेलं. समोर ताटलीत चिरमुऱ्याचा लाडू. (पुण्यात चुरमुरे, मुंबईत कुरमुरे, आमच्याकडे मात्र चिरमुरेच!) लाडवाबद्दल माझी तक्रार नाही, मला तो भारी आवडतो. तक्रार आहे ती "गूळच" मधल्या त्या "च"बद्दल.

हल्ली पुण्याहून भाचेमंडळी येताना सीरिअल बारची पाकिटं आणतात. ओट्स, बदाम, मध वगैरे वगैरे. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ते वाचून घरातली ज्येष्ठ मंडळी खूश होतात, "बघ, दुसऱ्याच नंबरला साखर! त्यापेक्षा आपला लाडू पौष्टिक."

बरं, मग हाच नियम आपल्या लाडवाला लावून बघू की..

मी परवा काट्यावर मोजूनच लाडू केले. चार वाट्या चिरमुरे भरले साठ-सत्तर ग्रॅम, नुसती हवा हो! वाटीभर भाजलेले शेंगदाणे शंभरच्या आसपास. आणि वाटीभर चिरलेला गूळ चांगला दीडशे ग्रॅम. म्हणजे आपण पाकीट छापलं तर पहिलं नाव गुळाचं. यात सोळा लाडू झाले. एका लाडवात जवळजवळ दोन चमचे गूळ!

आणि तो फार कमीही करता येत नाही. चिरमुरे आधी कोरडेच परतून कुरकुरीत करायचे. मग चमचाभर तुपात मंद आचेवर गूळ वितळवायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी ताटलीवर आपटली की टण्ण वाजली पाहिजे, त्याआधी गॅस बंद केला तर लाडू चिवट होतात. गूळ कमी पडला तर वळलेच जात नाहीत. पाण्याचा हात लावून, चटके सोसत, गरम असतानाच वळायचे. मी शेंगदाणे सढळ हाताने घालते आणि लाडू लिंबाएवढाच करते. एवढीच काय ती पळवाट.

हे सगळं सांगायचं कारण आमचे बाबा. बारा वर्षं मधुमेह आहे. साखरेचा चहा त्यांना कुणी देत नाही, पण लाडू मात्र सगळे आग्रहाने देतात. गुळात थोडीफार खनिजं असतात, कबूल, पण बाकी बहुतेक साखरच. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. गुऱ्हाळावरची गरम काकवी म्हणजे तर स्वर्ग! पण मानांकनामुळे रक्तातली साखर वाढायची थांबत नाही ना.

लाडवाला औषध करायची ही हौस कशाला, हेच मला कळत नाही. गोड पदार्थ आहे, गोड म्हणून खावा. पोरांनी शाळेतून येऊन दोन खाल्ले तर मला आनंदच आहे.

तेव्हा आत्या, तू हे वाचतेसच म्हणून सांगते. दिवाळीला येशील तेव्हा बाबांसमोर मूठभर भाजलेल्या शेंगा ठेव, त्या त्यांना खूप आवडतात. लाडवांचा डबा माझ्याकडे दे. आणि त्यांनी डोळ्यांनी खुणावलं तरी विरघळू नकोस, गेल्या वेळी तू विरघळली होतीस :)