‘अपडेट कधी?’ विचारणाऱ्यांना

थोडं लांबलंय, पण वाचा.

काही वर्षांपूर्वी मी एक छोटं प्लगिन लिहिलं. ब्राउझरमध्येच कोड लिहायला जो ‘कोडमिरर’ नावाचा एडिटर वापरतात, त्यासाठी. कारण साधं होतं. आपली पोरं व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्समधून प्रोग्राम कॉपी करतात आणि त्यातली सरळ अवतरणचिन्हं वाटेत कुठेतरी वळणदार झालेली असतात. कंपायलर ‘स्ट्रे ३४२’ म्हणून ओरडतो, पोरगं तासभर सेमीकोलन शोधत बसतं. माझं प्लगिन अशी घुसखोर चिन्हं लाल करून दाखवतं. बस्स, एवढंच.

त्यातही पहिल्याच आवृत्तीत मी माती खाल्ली. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला आडवा र काही कीबोर्डवर टाइप केला की मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. प्लगिन त्यालाच चोर ठरवायचं. मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर अक्षरशः गोवर उठायचा! ही चूक मला एका डिप्लोमाच्या मुलीने दाखवली. दोन ओळींचा मेल आणि सोबत नमुना फाइल. आजवर आलेली सगळ्यात कामाची मदत तीच.

मग २०२२मध्ये कोडमिररची सहावी आवृत्ती आली. मुळापासून नव्याने लिहिलेली. ते योग्यच झालं, जुन्यात मोबाइलवर आणि स्क्रीन रीडरवर काम करणं अवघड होतं. पण जुनी प्लगिनं नव्यात चालत नाहीत. आधी मजकुरावर थेट खूण करता यायची. आता खुणांचा वेगळा संच करून द्यायचा आणि मजकूर बदलला की त्या खुणा बरोबर पुढे सरकवायच्या. म्हणजे अपडेट नव्हे, पुन्हा घर बांधणं. तेही नोकरी सांभाळून, रात्री अकरानंतर.

मागच्या महिन्यात एका कॉलेजातून मेल आला: प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आहे, प्लगिन ताबडतोब दुरुस्त करून द्या. ‘नमस्कार’सुद्धा नाही. त्याच आठवड्यात एका अनोळखी माणसाने लिहिलं, तुम्ही थकलेले दिसता, मालकी माझ्याकडे द्या, मी सांभाळतो. खरं सांगतो, मन डळमळलं.

दिली नाही. २०१८मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या लेखकाने असंच एका मदतनीसाकडे काम सोपवलं होतं. त्या मदतनीसाने त्यात बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड घुसडला. तो लेखक काही वाईट नव्हता. ते पॅकेज तो स्वतः वापरतही नव्हता, फक्त लोकांचे मेल येत होते. एडिटरमधल्या प्लगिनला तर पोरांनी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर दिसतं. ते कुणाच्याही हाती कसं द्यायचं?

म्हणून कॉम्प्युटर विभाग चालवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझं म्हणणं आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ करून घेता ना? तीच ती, गेली वीस वर्षं. त्याऐवजी दोन मुलांना तुमच्याच लॅबमध्ये रोज चालणारं एखादं फुकटचं प्लगिन दुरुस्त करायला लावा. आणि त्याला प्रोजेक्टचे मार्क द्या.

माझं अर्धं काम झालंय. खुणा दिसतात, पण ‘अनडू’ केलं की जागा सोडून पळतात. ज्याला बघायचंय त्याने इनबॉक्समध्ये या. परीक्षेची घाई असलेल्या कॉलेजनेही.